घरबसल्या खगोलशास्त्र शिकायचंय? नेटवर काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने बघायचं

चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, म्हणजे २३ ऑगस्ट २०२३ नंतर, खगोलशास्त्र शिकायचंय म्हणणारे लोक खूप वाढलेत आणि ही फार आनंदाची गोष्ट आहे. पालक विचारतात, कॉलेजची मुलं विचारतात, रिटायर झालेले काका-काकू विचारतात, आणि मागणी साधारण एकच असते, "एखादी चांगली लिंक पाठव ना". लिंक पाठवायला काही नाही, ढिगाने आहेत, पण घोळ तिथेच होतो. माणूस पंधरा-वीस साइट बुकमार्क करतो, चार ॲप टाकतो, दोन कोर्सना नाव नोंदवतो आणि महिन्याभरात सगळं बंद पडतं.

म्हणून इथे नुसती यादी नाही, क्रम सांगतोय, आणि प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर तिथे नेमकं करायचं काय तेही. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवातीला एकच गोष्ट धरावी आणि ती चंद्र असावी. चंद्र भर शहरातूनही दिसतो, दुर्बीण लागत नाही, आपलं यान तिथे उतरलंय आणि त्याची मूळ माहिती, फोटो, नकाशे सगळं फुकट उपलब्ध आहे. चंद्र धरून चाललात की बाकीचं आकाश आपोआप त्याच्या मागून येतं.

आधी मराठीतून पाया घालून घ्या

सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी साइट म्हणजे ई-बालभारती. शाळेची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट डाउनलोड होतात. हसू नका, मोठ्या माणसांनीही इथूनच सुरू करावं. सहावीच्या विज्ञानात 'विश्वाचे अंतरंग', सातवीत 'तारकांच्या दुनियेत', आठवीत 'ताऱ्यांची जीवनयात्रा', नववीत 'अवकाश निरीक्षण : दुर्बिणी' आणि दहावीत 'गुरुत्वाकर्षण' आणि 'अवकाश मोहिमा' असे धडे आहेत. अभ्यासक्रम बदलला की धडे इकडेतिकडे होतात, त्यामुळे इयत्तेपेक्षा धड्याच्या नावाने शोधा. हे सहा धडे एकामागून एक वाचले की सूर्यमाला, तारकासमूह, ताऱ्याचा जन्म-मृत्यू, दुर्बिणीचे प्रकार आणि यान पृथ्वीभोवती फिरत कसं राहतं इथपर्यंत सलग येतं, आणि पृथ्वीचा मुक्तिवेग (तिच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग) सेकंदाला ११.२ किमी का, हे गणितासकट कळतं. दोन-तीन रविवारचं काम आहे, पण ते झालं की पुढचं इंग्रजी मटेरियल अंगावर येत नाही.

त्याच्या जोडीला मराठी विश्वकोशाची साइट. एखादी संज्ञा अडली की तिथे बघायचं. फक्त मूळ खंड जुने आहेत हे लक्षात ठेवा. कुठे प्लूटो ग्रह म्हणून भेटला तर गोंधळू नका, २४ ऑगस्ट २००६ ला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याला बटुग्रह ठरवलं, नोंद त्याआधीची असेल. मुळात खगोलशास्त्राचं काहीही वाचताना ते कधी लिहिलंय हे बघायची सवय लावाच.

मग आयुका. पुण्याची ही खगोल संशोधन संस्था १९८८ मध्ये सुरू झाली, डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक, आणि शाळेतल्या मुलांशी त्यांच्या भाषेत बोललं पाहिजे हा आग्रह तिथे पहिल्यापासून आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी तिथे व्याख्यानं होतात, मराठीतूनसुद्धा, आणि बरीचशी यूट्यूबवर आहेत. नारळीकर सर मे २०२५ मध्ये गेले, पण त्यांची मराठी भाषणं यूट्यूबवर शोधली की सापडतात आणि ती ऐकाच. अवघड गोष्ट शांतपणे, एकही फालतू वाक्य न टाकता कशी सांगायची हे त्यात दिसतं. हल्लीच्या आरडाओरड करणाऱ्या थंबनेलवाल्या व्हिडिओंपेक्षा त्यातलं एक भाषण जास्त शिकवून जातं.

सर्च करताना राशिभविष्य कसं टाळायचं

मराठीत सर्च करणाऱ्याला एक खास त्रास होतो जो इंग्रजीवाल्याला तितका होत नाही. शनी टाकलं की साडेसाती येते, मंगळ टाकलं की पत्रिका, नक्षत्र टाकलं की लग्नाचे मुहूर्त. आणि यूट्यूबवर चुकून असा एक व्हिडिओ पूर्ण बघितला की पुढचे आठ दिवस तेच.

यावर उपाय सोपे आहेत. एक तर नुसतं 'शनी' न टाकता 'शनी ग्रह कडी', 'शनी उपग्रह टायटन', 'खगोलशास्त्र शनी' असं टाका. दुसरं, नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावा, मध्ये स्पेस न देता, म्हणजे 'शनी -राशी -साडेसाती'. गुगल ते शब्द असलेली पानं वगळतं. तिसरं, यूट्यूबसाठी खगोलशास्त्राचं वेगळं प्रोफाइल किंवा चॅनल ठेवा आणि नको तो व्हिडिओ आला की 'नॉट इंटरेस्टेड' दाबत राहा, थोड्या दिवसांत फीड सुधारतो. चौथं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही संज्ञा एका वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा, दीर्घिका-गॅलॅक्सी, तेजोमेघ-नेब्युला, लघुग्रह-ॲस्टेरॉइड अशा, कारण मराठी शब्दाने मराठी पानं येतात, पण ताजी माहिती बहुतेक वेळा इंग्रजी शब्दानेच सापडते.

अजून एक युक्ती जी फार कमी जण वापरतात. गुगलमध्ये तुमचा विषय लिहा, त्यापुढे इंग्रजीत साइट, मग कोलन, मग लगेच नासा डॉट गव्ह किंवा इस्रो डॉट गव्ह डॉट इन असं टाका. फक्त त्याच संस्थेच्या साइटवरचे रिझल्ट येतात, मधले सगळे बातम्यांचे आणि क्लिकबेटचे गाळून जातात. मोहिमेची कोणतीही माहिती तपासायची असेल तर मी दुसरा रस्ता सुचवणारच नाही.

स्टेलेरियम आणि घरातलं कॅलेंडर

आता आकाश. स्टेलेरियम हे सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं, आणि इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्येही स्टेलेरियम वेब उघडतं. कॉम्प्युटरवर टाकलंत तर पहिलं काम लोकेशन. एफ ६ दाबा, आपलं शहर निवडा. पुढचं, एफ ४ च्या खिडकीत लाइट पोल्युशन वाढवा, नाहीतर स्क्रीनवर हजारो तारे दिसतात आणि गच्चीवर गेल्यावर पंधरा दिसतात आणि माणूस हिरमुसतो. शहरातून बघताय तर शहरासारखंच आकाश सेट करा. कीबोर्डवरचं इंग्रजी सी दाबलं की तारकासमूहांच्या रेषा येतात, व्ही दाबलं की नावं, ए दाबलं की वातावरण जातं आणि भर दिवसाही तारे दिसतात, जी दाबलं की जमीन गायब होऊन क्षितिजाखालचंही आकाश दिसतं. एफ ३ ने काहीही शोधता येतं. एल दाबत गेलात की वेळ जोरात पळते, के ने नॉर्मल होते, ८ दाबलं की परत आत्ताची वेळ.

हे शिकायला अर्धा तास पुरतो. मग हा प्रयोग करा, आणि हा मी प्रत्येकाला करायला लावतो. घरात भिंतीवर कॅलेंडर असतंच. त्यात रोजच्या चौकटीत चंद्राचं नक्षत्र आणि ते किती वाजेपर्यंत आहे ते छापलेलं असतं. आजचं नक्षत्र वाचा, स्टेलेरियममध्ये चंद्र शोधा आणि त्याच्या आसपास कोणता तारा आहे बघा, मग संध्याकाळी बाहेर जाऊन प्रत्यक्ष बघा. दुसऱ्या दिवशी परत. चंद्र ताऱ्यांच्या संदर्भात रोज साधारण १३ अंश पूर्वेकडे सरकतो, पूर्ण फेरी सुमारे २७.३ दिवसांत, म्हणून आकाशाच्या त्या पट्ट्याचे २७ भाग केले, एकेक १३ अंश २० मिनिटांचा (इथे ६० मिनिटं म्हणजे एक अंश). लहानपणापासून पाठ असलेली अश्विनी, भरणी, कृत्तिका ही यादी म्हणजे चंद्राच्या रस्त्यावरचे मुक्काम आहेत हे डोळ्यांनी बघितलं की ते कायमचं लक्षात राहतं.

आणि इथेच पुढचा प्रश्न पडतो, जो पडायलाच हवा. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा या ताऱ्यांच्या चंद्र अगदी जवळून जातो, पण स्वाती नक्षत्राच्या दिवशी स्वातीचा तारा चंद्रापासून बराच उत्तरेला दिसतो, तो का? कारण नक्षत्राचे भाग समान पाडलेत आणि ओळखीचा तारा त्या भागात असला तरी चंद्राच्या मार्गावर असेलच असं नाही. असे प्रश्न वहीत लिहा. तसंच मृग. पाऊस आला की आपण मृग लागला म्हणतो, पण जूनच्या सुरुवातीला सूर्यच मृगात असतो, त्यामुळे मृगाचे तारे तेव्हा दिसूच शकत नाहीत, ते बघायचे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. स्टेलेरियममध्ये तारीख ८ जून करा, दुपारी बाराची वेळ ठेवा आणि ए दाबून वातावरण काढा, सूर्याशेजारी मृग दिसेल.

मोबाइलवर स्काय मॅप किंवा स्टेलेरियमचं मोबाइल ॲप चालतं. फोन आकाशाकडे धरल्यावर चुकीच्या जागी तारे दाखवतोय असं वाटलं तर कंपास बिघडलेला असतो, फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवा आणि लोखंडी ग्रिल, गाडी, पाण्याच्या टाकीच्या स्टँडपासून लांब उभे राहा. ॲपमध्ये लाल रंगाचा नाइट मोड असतो तो चालू करा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा पांढरी स्क्रीन डोळ्यांवर आली की ती मेहनत वाया जाते.

स्पेस स्टेशन जाताना बघा

मुलांना या विषयात ओढायचं असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही. हेव्हन्स अबव्ह नावाची साइट उघडा आणि आधी वर उजवीकडे लोकेशन सेट करा. ते केलं नाही तर साइट शून्य अक्षांश शून्य रेखांश धरते, म्हणजे आफ्रिकेजवळच्या समुद्रातल्या वेळा दाखवते, आणि मग लोक म्हणतात साइट चुकीची आहे. लोकेशन झालं की आयएसएसवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनवर, क्लिक करा, पुढच्या दहा दिवसांचा तक्ता येतो.

तक्ता वाचायचा असा. पहिली तारीख, मग ब्राइटनेस, तो आकडा जितका उणे तितकं जास्त तेजस्वी, उणे ३ म्हणजे मस्तच. मग सुरू, सर्वात उंच आणि शेवट अशा तीन गटांत वेळ, उंचीचा कोन आणि दिशा. 'सर्वात उंच'च्या खालचा कोन ४० अंशांपेक्षा जास्त असलेलीच फेरी निवडा, कमी असेल तर ती बिल्डिंगमागून निघून जाते. कोन कसा मोजायचा तर हात पूर्ण लांब करून मूठ धरा, मुठीची रुंदी साधारण १० अंश, म्हणजे क्षितिजापासून चार मुठी वर. स्टेशन जमिनीपासून साधारण ४०० किमीवर असतं, ९० मिनिटांच्या आसपास एक फेरी मारतं, आणि आपल्याला दिसतं ते संध्याकाळी अंधार पडल्यावर किंवा पहाटे, कारण तेव्हा आपल्याकडे अंधार असतो पण त्या उंचीवर ऊन असतं. म्हणूनच कधी कधी ते मध्येच आकाशात विझल्यासारखं दिसतं, पृथ्वीच्या सावलीत शिरतं. तुम्ही नाशिकला असा, पणजीला असा, दुबईत किंवा न्यू जर्सीत असा, फक्त लोकेशन बदला.

विक्रम उतरला ती जागा स्वतः शोधा

इथे जरा वेळ द्या, हा या सगळ्यातला माझा सर्वात आवडता भाग आहे. नासाचं लुनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान २००९ पासून चंद्राभोवती फिरतंय आणि त्याच्या कॅमेऱ्याच्या फोटोंचा नकाशा क्विकमॅप नावाने ब्राउझरमध्ये उघडतो, लॉगिनही लागत नाही. त्यात झूम करत गेलं की जागोजागी अगदी जवळून घेतलेले फोटो लागतात. चांद्रयान-३ चा विक्रम, म्हणजे चंद्रावर उतरणारा लँडर, उतरला ती जागा आहे ६९.३७ अंश दक्षिण, ३२.३२ अंश पूर्व. सर्चमध्ये टाकताना दक्षिणेसाठी उणे लिहा. नकाशा ध्रुवाकडे ताणलेला वाटला तर दक्षिण ध्रुवाचं प्रोजेक्शन, म्हणजे ध्रुव मध्ये धरून काढलेला नकाशा, निवडा.

आता एक छोटं गणित करा. दक्षिण ध्रुव म्हणजे ९० अंश, त्यातून ६९.३७ गेले, राहिले २०.६३ अंश. चंद्राची त्रिज्या १७३७ किमी, म्हणजे परीघ साधारण १०,९१४ किमी, भागिले ३६०, एक अंश म्हणजे ३०.३ किमी. गुणाकार केला की ६२५ किमी येतात. म्हणजे विक्रम दक्षिण ध्रुवावर उतरला असं जे सर्रास बोललं जातं ते बरोबर नाही, तो दक्षिण ध्रुवीय प्रदेशाकडे उतरला, ध्रुवापासून सहाशे किमीच्या वर. यामुळे कामगिरी जराही कमी होत नाही, तोपर्यंत त्या भागात इतक्या दक्षिणेला कोणीच अलगद उतरलं नव्हतं. पण हे तुम्ही कोणाचं ऐकून नाही तर स्वतः नकाशा आणि गुणाकार करून सांगाल, यात फरक आहे.

हा डेटा फक्त शास्त्रज्ञांसाठी असतो असं वाटत असेल तर षण्मुग सुब्रमण्यम यांचं काम वाचा. ७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ चा विक्रम (त्याही लँडरचं नाव हेच) उतरताना संपर्क तुटला. त्याच महिन्यात नासाने त्या भागाचे फोटो सगळ्यांसाठी खुले केले. चेन्नईचे हे इंजिनिअर घरी बसून आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी लावून बारीक बारीक तुकडे तपासत बसले, त्यांना एक ठिपका वेगळा वाटला, त्यांनी नासाला कळवलं, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला नासाने त्यांचं नाव घेऊन तो विक्रमचाच अवशेष असल्याचं जाहीर केलं, मुख्य आघाताच्या जागेपासून साधारण ७५० मीटरवरचा. त्यांनी वापरलेले फोटो तुम्हाला-मला उघडता येतात तेच.

आपल्या मोहिमांचा मूळ डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर असतो, चांद्रयान-२, आदित्य-एल१ वगैरे, नाव नोंदवून फुकट डाउनलोड करता येतो. पण फाइल मोठ्या आणि त्यांचं स्वरूप वेगळं, त्यामुळे पहिल्या दिवशी तिकडे जाऊ नका, आधी इस्रोच्या साइटवर मोहिमेचं पान आणि प्रसिद्धिपत्रकं वाचा. नासाचं 'आइज' ब्राउझरमध्ये उघडलं की नासाची यानं आत्ता कुठे आहेत ते त्रिमितीत फिरवून बघता येतं, आणि 'डीएसएन नाऊ' या पानावर गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथले, दूरच्या यानांशी संपर्क ठेवणारे नासाचे अँटेना या क्षणी कोणत्या यानाशी बोलतायत ते लाइव्ह दिसतं. १९७७ मध्ये सुटलेल्या व्हॉयेजर-१ चं नाव तिथे दिसलं की खरंच अंगावर काटा येतो.

नीट अभ्यास करायचा असेल तर

ओपनस्टॅक्सचं 'ॲस्ट्रॉनॉमी' हे कॉलेजच्या पहिल्या पायरीचं पाठ्यपुस्तक पूर्ण फुकट आहे, ऑनलाइन वाचा नाहीतर पीडीएफ घ्या. तीस प्रकरणं, गणित अगदी कमी. त्याच्या जोडीला यूट्यूबवर क्रॅश कोर्सची ॲस्ट्रॉनॉमीची मालिका, फिल प्लेट सांगतात, दहा-बारा मिनिटांचे भाग, बोलणं भरभर आहे म्हणून स्पीड पाऊणपट करून सबटायटल लावा. आधी व्हिडिओ, मग प्रकरण, मग प्रकरणाखालचे प्रश्न. प्रश्न सोडवले नाहीत तर वाचलेलं टिकत नाही, एवढं नक्की. ब्राउझरचं मराठी भाषांतर परिच्छेदाचा अर्थ लागण्यापुरतं चालतं पण संज्ञांची वाट लावतं, त्या मूळ इंग्रजीतच ठेवा.

बीएससी-इंजिनिअरिंगवाल्यांनी एनपीटीईएल आणि 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर खगोलभौतिकीचे कोर्स बघावेत, शिकायला फुकट, सर्टिफिकेटसाठी परीक्षा द्यायची तर फी. इस्रोचा स्टार्ट नावाचा ऑनलाइन कार्यक्रम पदव्युत्तर आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी असतो, कॉलेजमार्फत जावं लागतं म्हणून सरांना आधी विचारा. शाळकरी मुलांना स्पर्धेची आवड असेल तर खगोलशास्त्राचं ऑलिंपियाड. पहिली पायरी एनएसईए ही परीक्षा, पुढची मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत, आणि जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसकट त्यांच्या साइटवर फुकट आहेत. २०२५ चं आंतरराष्ट्रीय खगोल ऑलिंपियाड मुंबईतच झालं. महागड्या क्लासआधी त्या प्रश्नपत्रिका घ्या. नववीच्या मुलांसाठी इस्रोचा युविका कार्यक्रम असतो, अर्जाच्या तारखा इस्रोच्याच साइटवर बघा, फॉरवर्डवर विसंबू नका.

व्हॉट्सॲपवर आलेलं तपासायचं कसं

दिवाळी आली की अवकाशातून दिसणारा भारत म्हणून एक रंगीबेरंगी फोटो फिरतोच, नासाने काढला म्हणून. तो दिवाळीचा नाही. अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या ख्रिस एल्व्हिज यांनी उपग्रहाचा अनेक वर्षांचा डेटा एकत्र करून तो बनवलाय, १९९२ च्या आधीपासूनचे दिवे पांढरे, १९९२ ला दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल, म्हणजे वस्ती कशी वाढली ते दाखवायला. खरं तर माहिती म्हणून मूळ फोटो दिवाळीच्या कहाणीपेक्षा कितीतरी जास्त सांगतो. नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरीने याचा खुलासा केलेला आहे. दुसरा नेहमीचा मेसेज म्हणजे ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार. याचं मूळ २७ ऑगस्ट २००३ मध्ये आहे, तेव्हा मंगळ ५ कोटी ५७ लाख किमीवर आला होता, हजारो वर्षांतला सर्वात जवळ, तरी नुसत्या डोळ्यांना तो एक तेजस्वी ठिपकाच होता.

तपासायची पद्धत एकच. फोटो असेल तर गुगल लेन्सने मूळ शोधा, दावा असेल तर वर सांगितलेल्या साइट-कोलन पद्धतीने नासाच्या किंवा इस्रोच्या साइटवर बघा, आकाशात काही दिसणार असं असेल तर स्टेलेरियममध्ये ती तारीख टाका. आणि ताऱ्याला प्रियजनांचं नाव द्या, सर्टिफिकेट मिळवा असं विकणाऱ्यांना पैसे देऊ नका, ताऱ्यांची अधिकृत नावं फक्त आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो. चंद्रावरच्या प्लॉटचंही तेच.

शिकता शिकता खरं काम

झूनिव्हर्स या साइटवर दीर्घिकांचे फोटो बघून त्यांचे आकार ओळखायचे किंवा ताऱ्यांच्या प्रकाशाच्या आलेखात ग्रहाची चाहूल शोधायची असे प्रकल्प असतात. या साइटची सुरुवातच २००७ च्या गॅलॅक्सी झू या प्रकल्पातून झाली. पाच मिनिटांचं ट्रेनिंग आणि लगेच काम. आपल्याकडचा रॅड ॲट होम हा प्रकल्प तर मला फारच जवळचा वाटतो, कारण त्यात आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा वापरतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना उभे आहेत, त्यांनी टिपलेल्या रेडिओ लहरींतून दीर्घिका शोधायला सामान्य विद्यार्थ्यांना शिकवलं जातं. विज्ञान शाखेतल्या मुलांनी हे आधी बघावं आणि मग परदेशी इंटर्नशिपच्या जाहिराती.

माणसंही लागतात. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, त्यांचे वांगणीचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम प्रसिद्ध आहेत, पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी आहे. त्यांची ऑनलाइन पेजेस फॉलो करा आणि एकदा तरी प्रत्यक्ष जा. दुर्बीण विकत घ्यायची घाई त्याआधी करू नका. तिथे चार प्रकारच्या दुर्बिणींतून बघून घ्या, आणि घ्यायचंच असेल तर आधी १० बाय ५० चा बायनॉक्युलर, चंद्राची विवरं आणि गुरूचे चार चंद्र त्यातून दिसतात, फक्त हात स्थिर हवा.

वर्षाची आखणी

आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश बंद. हे चार महिने धडे, ओपनस्टॅक्स, झूनिव्हर्स आणि क्विकमॅपसाठी ठेवा. कोजागिरीनंतर आकाश उघडतं, तिथून मेपर्यंत स्टेलेरियम आणि गच्ची. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतला उल्कावर्षाव असतो, चंद्र किती वाजता मावळतो ते आधी बघून ठेवा. परदेशी साइटवरच्या वेळा बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ, आणि मध्यरात्र ओलांडली तर तारीखही बदला, बऱ्याच जणांचं तिथेच चुकतं.

पुढची तयारी २ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाची करा. खग्रास पट्टा स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातून जातो, इजिप्तमध्ये लक्झरजवळ सहा मिनिटांहून जास्त काळ सूर्य झाकला जाणार आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून ते खंडग्रास, दुपार कलल्यावर. टाइम अँड डेट साइटवर आपलं शहर टाकलं की सुरू, मध्य, शेवट आणि किती टक्के झाकला जाईल ते सगळं मिळतं. आयएसओ १२३१२-२ हे सुरक्षेचं मानक लिहिलेला ग्रहण चष्मा आधीच विश्वासू ठिकाणाहून, एखाद्या खगोल संस्थेकडून घेऊन ठेवा, आदल्या दिवशी मिळत नाहीत. आणि ऑगस्ट म्हणजे कोकणात, पुण्यात ढग असण्याची शक्यताच जास्त, त्यामुळे लक्झरहून होणारी थेट प्रक्षेपणं कोण दाखवणार याची यादी जुलैतच काढून ठेवा. जेद्दाला कोणी नातेवाईक असेल तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा, जेद्दा आणि मक्का थेट खग्रास पट्ट्यात येतात.